झोपून शाळेत येणारे सर

सर खोटं बोलत नसत. ही गोष्ट सांगायला छान आहे. अशा माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला तितकी छान नव्हती.

आमच्या शाळेत दुपारच्या खिचडीची एक वही होती. पोरांना वाढण्याआधी एका शिक्षकानं दोन घास खायचे आणि चव कशी आहे ते वहीत लिहून सही करायची, असा नियम. मी रुजू झाले तेव्हा ती वही चाळली. पानंच्या पानं 'उत्तम', 'उत्तम', 'उत्तम'. मधेच बारीक, सरळ अक्षरात एखादी ओळ: 'मीठ कमी. डाळ शोधावी लागते. तांदूळ बरा.' आणखी एका ठिकाणी: 'आज खरंच चांगली झाली. मी दोनदा घेतली, ते नियमात बसत नाही.' ती सरांची पाळी असायची, दर मंगळवारी. त्यामुळं मंगळवारी खिचडी करणाऱ्या मावशी डाळ हात सैल सोडून टाकायच्या, आणि मंगळवारी शाळेत पोरांची हजेरी जास्त असायची. हा संबंध माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. पोरांना तो पहिलीपासून माहीत होता.

रजेच्या अर्जात आम्ही सगळे 'घरगुती कामानिमित्त' लिहायचो. सरांनी एकदा लिहिलं, 'काम काही नाही. कंटाळा आला आहे.' हेडसरांनी अर्ज नामंजूर केला. सर आले आणि सातवीच्या वर्गाला म्हणाले, मला आज कंटाळा आलाय, पण रजा मिळाली नाही, तेव्हा तुमच्या आवडीचं प्रकरण काढा.

शाळा शिरड शहापूरच्या अलीकडं एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण गाव अजून तिथंच आहे आणि माणसंही. आम्ही सहा शिक्षक. सर विज्ञान आणि गणित शिकवायचे. वय बावन्न, अंग काटकुळं, मिशी एका बाजूनं थोडी जास्त कातरलेली. त्याचं कारण कुणी विचारलं तर सांगायचे, "हात हलला."

माझं म्हणाल तर मी पत्रकांवर वाढले. वडील चळवळीतले. मोर्चाच्या आदल्या दिवशी पत्रकांचे गठ्ठे आमच्या घरी येऊन पडायचे आणि मी त्यांवरच झोपायचे. 'आता गप्प बसणार नाही' हे वाक्य मला बाराखडीच्या आधी वाचता येत होतं. अशा घरातली मी, नोकरी लागल्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका खोट्या कागदावर सही करून मोकळी झाले.

तो कागद असा. ज्या गावात शाळा त्याच गावात शिक्षकानं राहायचं, असा नियम आहे. राहत कुणीच नाही. आम्ही सहाही जण वसमतला राहायचो आणि रोज ये-जा करायचो. चौघं मिळून एका गाडीत, मी बसनं आणि सर त्यांच्या पद्धतीनं. पण दरवर्षी ग्रामसभा ठराव करायची की सर्व शिक्षक गावातच राहतात, आणि त्याखाली आम्ही सह्या करायचो. गावाचं काही जात नव्हतं. आमचं काम होत होतं. सगळे हसत हसत सही करायचे, मीही हसले. सरांनी मात्र त्या जागी लिहिलं होतं: 'मी वसमतला राहतो. तिथं माझ्या पत्नीचं शिवणकामाचं दुकान आहे. रोज येतो, रोज जातो.'

या एका वाक्यापायी याआधी त्यांच्या तीन बदल्या झाल्या होत्या. आता वरून नवीन पत्र आलं होतं: ज्याच्या राहण्याबद्दल ग्रामसभेचा ठराव नाही, त्याला जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवणार. तिकडून वसमतला रोज येणं धडधाकट माणसालाही जमलं नसतं, आणि सरांचा मणका सरकलेला होता. बदली झाली असती तर घर मोडलं नसतं, पण दोन जागी राहिलं असतं. सरांना ते नको होतं. खोटी सहीही नको होती.

मणक्याचं सांगायला हवं, कारण सायकल त्यातूनच आली.

नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की उभे राहा, चाला, पण बसू नका. गाडीवर तर मुळीच नको, धक्के बसतात. शक्य तेवढं आडवं पडून राहा. दुसरा कुणी असता तर आजारपणाची रजा काढून घरी पडला असता. सर म्हणाले, मी आजारी नाही, मला फक्त बसता येत नाही. मग त्यांनी गणित मांडलं. डॉक्टर म्हणतात आडवं पडा. सरकार म्हणतं शाळेत हजर व्हा. दोघांचंही ऐकायचं, तर आडवं पडून शाळेत यायला हवं.

वसमतच्या वेशीवर एक वेल्डिंगचं दुकान आहे. तिथले चाचा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि घराची फाटकं बनवतात. सर दोन जुन्या सायकली घेऊन त्यांच्याकडं गेले आणि वहीतलं चित्र दाखवलं: पाय पुढं, पेडल त्याहून पुढं, पाठ मागं टेकलेली, माणूस जवळजवळ आडवा. चाचांनी चित्र उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं.

"सर, बैठने का है के सोने का, पैले ये तय करो."

"पडून पाय मारायचेत."

"सोके जानेवाले को तो चार लोग लेके जाते," चाचा म्हणाले. पण वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली.

दोन महिने ते काम चाललं. दोन सायकलींचे सांगाडे कापून एक लांब सांगाडा झाला. पुढचं चाक लहान पोरांच्या सायकलीचं. तीन चेन जोडून एक चेन. हँडल कमरेच्या दोन्ही बाजूंना, खुर्चीच्या हातांसारखं. पाठीसाठी गादी चालेना, घाम येतो. तेव्हा घरातल्या जुन्या बाजेची नवार सोडवून सरांनी ती लोखंडी चौकटीवर स्वतः विणली. मागच्या चाकात विजेची मोटर, कुरिअरनं आलेली, आणि बॅटरी गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्यात. उशी वहिनींनी शिवली. वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांनी सायकल पूर्ण झालेली पाहिली आणि एवढंच विचारलं की यात पावसाळ्यात पाणी कुठून निघणार. सरांनी लगेच खाली एक भोक पाडायला लावलं.

पहिल्या दिवशी मोटरच्या वायरी उलट्या लागल्या. सरांनी बटण दाबलं आणि सायकल मागं निघाली. ब्रेक अजून बसवायचे होते. चाचांकडं तोंड करून, पाय पुढं, शांतपणे झोपलेले सर मागच्या मागं भाजी बाजारात गेले आणि कोथिंबिरीच्या ढिगात थांबले. चाचा सांगायचे, "उनके चेहरे पे कुछ नहीं था. जैसे रोज ऐसेच जाते."

सायकल चालू लागली तेव्हा दुसरी अडचण आली. ती इतकी ठेंगणी होती की ट्रकवाल्याला दिसायची नाही. मागं उंच काठी आणि तिच्यावर झेंडा लावणं भाग होतं. आता आमच्याकडं मोकळा रंग एकही शिल्लक नाही. भगव्याला धनी आहेत, हिरव्याला आहेत, निळ्याला आहेत, पिवळ्याला आहेत. पांढरा तांड्यावरच्या देवळावर असतो. लाल लावला असता तर माझे वडील खूश झाले असते. सर म्हणाले, ज्या रंगाचा मी नाही तो लावला तर ते खोटं होईल. शेवटी वहिनींच्या दुकानातून गाऊनच्या कापडाचा तुकडा आला, पिवळसर जमिनीवर जांभळी फुलं.

आठ दिवसांत रस्त्यावरच्या सगळ्या चहाच्या टपऱ्यांवर एकच चर्चा, हा फुलांचा झेंडा कुणाचा. कुणी म्हणे पुण्याकडचा पक्ष आहे, कुणी म्हणे महिलांचा. निवडणुकीला उभं राहायची घाई झालेल्या एका माणसानं भर रस्त्यात गाडी आडवी घालून सरांना विचारलं, सर, हे कुठून मिळतं, कुणाला भेटावं लागंल? सरांनी पत्ता दिला, मोंढ्याच्या मागं, माझ्या बायकोकडं. तो माणूस खरंच गेला. वहिनींनी टेप गळ्यात अडकवत विचारलं, माप कुणाचं घ्यायचं?

सर दिवाळीनंतर या सायकलवर यायला लागले. वसमतहून पाऊण तास. शाळेत बॅटरी लावत नसत. शाळेची वीज शाळेसाठी आहे म्हणायचे. परतताना बॅटरी संपली तर आभाळाकडं बघत नुसते पाय मारत जायचे.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा भरली. ग्रामसेवकानं वाचलं की शाळेचे सहाही शिक्षक गावात राहतात. लोकांनी हात वर केले. सर उठले.

"पाच लिहा," ते म्हणाले. "पाचही बरोबर नाही, पण ते ज्याचं त्यानं बघावं."

मी माझ्या चपलांकडं बघत बसले.

सरपंच चाळिशीतले, हळदीची मोठी शेती, बोलायला गोड. त्यांनी सरांना समजावलं. "सर, तुमाला तकलीफ काय हाय? कागदावर राहायला भाडं लागत न्हाई."

"मी इथं राहत नाही."

"मग काय लिहू?"

"वसमतला राहतात आणि वेळेवर येतात, असं लिहा."

मागून कुणीतरी म्हणालं, "झोपून येतेत," आणि सभा हसली. सरपंचही हसले, आणि हसता हसता त्यांना कल्पना सुचली. आजपासून फेब्रुवारी सरेपर्यंत सर रोज परिपाठाच्या घंटीआधी शाळेत दिसले, तर सर म्हणतील तसा ठराव द्यायचा. एक दिवस जरी चुकले तर गाव म्हणेल तशी सही सरांनी करायची. "शब्द?"

"कोणत्या घड्याळानं?" सरांनी विचारलं.

"शाळंच्या."

"ते चार मिनिटं मागं आहे. आधी बरोबर करतो," सर म्हणाले. मग म्हणाले, "शब्द."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुलावर चढून घड्याळ चार मिनिटं पुढं केलं. तेव्हापासून मी रोज आठऐवजी बारा मिनिटं उशिरा येऊ लागले.

तो महिना मला आठवतो तो सगळ्या गावाच्या रस्त्याकडं वळलेल्या मानांनी. फुलांचा झेंडा पिकांच्या वरून सरकताना दिसला की दहाला वीस कमी. बाया त्यावर धुणं आवरायच्या. एकदा सरांचं चाक पंक्चर झालं तर ते सायकल ढकलत आले आणि घंटीला दोन मिनिटं असताना फाटकात शिरले. हेडसर, जे मला पहिल्या दिवशी म्हणाले होते की हा माणूस शाळेची डोकेदुखी आहे, ते आता साडेनऊपासून फाटकाशी उभे राहायला लागले होते. का, असं विचारलं तर म्हणायचे, ऊन खातोय.

आणि फेब्रुवारीतला शाळेचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी काय घडलं ते सरांनी आम्हाला नंतर इतकं तपशीलवार सांगितलं की मी तिथं होते असंच मला वाटतं.

धोका नको म्हणून सर नेहमीपेक्षा तासभर आधी निघाले. त्यामुळं अर्ध्या रस्त्यात फारच लवकर पोहोचले. हळद शिजवायचे दिवस होते. रस्त्याच्या कडेनं ताडपत्र्यांवर शिजलेली हळद वाळत होती. सरांनी एका लिंबाखाली सायकल लावली आणि पाच मिनिटं डोळे मिटले. सायकलवरून उतरायची गरज नव्हती, झोपलेले होतेच.

शेजारच्या शेतात एक नवरा-बायको हळद पसरत होते. बाईंनी बघितलं तर रस्त्याच्या कडेला एक माणूस लोखंडात आडवा, तोंड उघडं, हालचाल नाही, मोडक्या गाडीसारखं काहीतरी भोवती. दोघंही धावत आले.

बाई म्हणाल्या, "भाऊ, काय झालं?"

"काही नाही," सर म्हणाले.

"मग पडले काहून?"

"मणका सरकलाय."

"अगं आई. दुखून राहिलं का?"

सरांनी विचार केला. थोडं दुखत होतं. "हो," ते म्हणाले.

"उठता येतं का?"

"येतं. पण डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय."

एवढं पुरेसं होतं. नवऱ्यानं फोन लावला. बाईंनी नुकतीच शिजलेली हळद ठेचली, फडक्यात घेतली आणि सरांच्या कमरेला गरम गरम बांधली. मग कपाळाला लावली. सर म्हणाले कपाळाला लागलेलं नाही. बाई म्हणाल्या, लागलं नसलं तरी लावू द्या. मग तळपायांना लावली.

अ‍ॅम्ब्युलन्स नेमकी त्याच रस्त्यानं परतत होती, ती पाच मिनिटांत आली. आतल्या पोरानं तेच प्रश्न विचारले आणि सरांनी तीच उत्तरं दिली. खोटं एकही नव्हतं. शेवटी सर म्हणाले, "हे बघा, मला दहाच्या आत शाळेत जायचंय."

"जाऊ काका, जाऊ. वय किती तुमचं?"

"बावन्न."

पोरानं ड्रायव्हरकडं बघून डोक्याकडं बोट केलं. डोक्याला मार आहे. मग त्यांनी सरांना पट्ट्यांनी नीट बांधलं आणि उलट्या दिशेनं, वसमतला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. काही झालेलं नव्हतं. मणका जुनाच होता. डॉक्टर म्हणाले, पडून राहा.

सर बाहेर आले आणि हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या एका टेम्पोवर, पोत्यांवर आडवे पडून, लिंबापर्यंत परत गेले. त्या नवरा-बायकोनं सायकल सावलीत ओढून ठेवली होती.

इकडं शाळेत दहा वाजले. झेंडा दिसला नाही. सव्वादहा झाले. सगळी पोरं मैदानात रांगेत उभी. शिपाई घंटीकडं निघाला तर हेडसर म्हणाले, थांब. साडेदहाला तो परत निघाला, तेव्हा घंटीचा दांडा सापडेना. तो मी ऑफिसच्या कपाटात, खडूच्या खोक्यामागं ठेवला होता. परिपाठच झाला नाही तर सर परिपाठाच्या आधीच येतात, अट तशीच होती. त्या दिवशी मला वाटलं, वडिलांच्या पत्रकांतलं सगळं मी आज एका लोखंडी दांड्यात करून दाखवलं. पोरं आधी उभी होती, मग बसली. अकराला मावशींनी खिचडी उतरवून झाकली. गाव फाटकाशी जमलं. सरपंचही आले आणि घंटी का झाली नाही हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

पावणेबाराला झेंडा दिसला.

सर आत आले ते पिवळेधमक. कपाळ पिवळं, पाय पिवळे, पाठीमागून सदरा पिवळा, हळदीला बसवलेल्या नवरदेवासारखे. हेडसर पुढं गेले आणि त्यांचा हात धरून म्हणाले, "आलात. परिपाठ आता सुरू करतोय. अट पूर्ण झाली."

"झाली," सरपंच म्हणाले. "आमी बघितलं ना."

सरांनी बसलेल्या पोरांकडं पाहिलं. "ही केव्हापासून बसलीत?"

मीच म्हणाले, "दहापासून."

"म्हणजे पावणेदोन तास गेले. मी उशिरा आलो तर माझा एक तास गेला असता," सर म्हणाले. "हे सगळ्यांचे गेले." ते ऑफिसात गेले, हजेरीपटात आपल्या नावापुढं ११.४५ लिहिलं आणि म्हणाले, "आधी परिपाठ घ्या. मग कागद आणा. शब्द दिलाय, सही करतो."

दांडा मी स्वतः काढून दिला. मी तो कुठून काढला ते त्यांनी पाहिलं.

एक गोष्ट लिहायलाच हवी. ते सही करतो म्हणाले तेव्हा मला वाईट वाटलं, पण त्याच्या खाली, अगदी खाली, हलकं वाटलं. तेही करणार म्हटल्यावर माझी सही एवढी मोठी राहणार नव्हती. आमच्या पाचही जणांच्या चेहऱ्यांवर ते होतं. आम्ही त्यांना हरलेलं बघायला आलो नव्हतो, पण ते हरल्यावर आम्हाला बसायला जागा झाली असती.

कागद आला. सरांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. पेन उघडलं. मग पुन्हा बंद केलं.

"यात लिहिलंय की मी या गावात राहतो."

"व्हय," सरपंच म्हणाले. "तेच तर."

"सही संध्याकाळी करतो. आधी राहायला लागतो. खोली कुठं मिळेल?"

सरपंचांनी हेडसरांकडं पाहिलं, हेडसरांनी माझ्याकडं. इतक्या वर्षांत त्या गावात कुणा शिक्षकानं खोली विचारली नव्हती. कुणाला आठवेचना की खोली कुठं असते. शेवटी ग्रामपंचायतीच्या वाचनालयाचं कुलूप तोडलं, किल्ली हरवून जमाना झाला होता. आत पुस्तकांचं एक कपाट आणि कबुतरं. संध्याकाळी सरांनी सायकल आत घेतली, भिंतीला टेकवली, तिच्या नवारीवर आडवे झाले, थोडा वेळ पडून राहिले आणि मग उठून सही केली. खाली तारीख आणि वेळ टाकली.

रविवारी वहिनी डबा घेऊन आल्या. आम्हाला वाटलं त्या रडतील. त्यांनी खोली पाहिली, कबुतरं पाहिली आणि सरपंचांना म्हणाल्या, "ठेवा. आमच्याकडं फार दिवसांनी शांतता झालीय."

गावाला वाटलं होतं, आता आपल्याकडं एक राहता शिक्षक आहे. मार्च गेला, एप्रिल गेला, आणि राहता शिक्षक म्हणजे काय ते गावाला कळलं.

सर सकाळी सहाला फिरायला निघायचे. सकाळची शाळा सुरू झालेली, म्हणून ज्या घरातलं पोरगं अजून झोपलेलं असेल त्या घराची कडी वाजवायचे. बाप म्हणायचा, लेकराला ताप हाय. सर आत येऊन कपाळाला हात लावायचे. संध्याकाळी पारावर बसायचे नाहीत, बाजूला आडवे पडायचे, आणि कुणी काही विचारलं तर सांगायचे. सप्त्यातल्या गायकाचं कसं झालं, विचारलं. सूर लागला नाही म्हणाले, तबला चांगला होता. नव्या रस्त्याचं काम कसं वाटतं, विचारलं. सर टेप घेऊन गेले, जाडी मोजून आले आणि पारावर आकडा सांगितला. त्यानंतर पारावर लोक हळू बोलायला लागले, मग बोलेनासे झाले.

एप्रिलच्या शेवटी सरपंचांच्या मुलाला बघायला पाहुणे आले. पाहुण्यांनी गावात शिरताच पहिला माणूस गाठला, तो वाचनालयाच्या दारात पडलेला शिक्षक. मास्तर, पोरगं कसं हाय? सरांनी त्याला पूर्वी तीन वर्षं शिकवलं होतं. पुढं काय झालं ते त्या पाहुण्यांनीच जाताना सगळ्यांना सांगितलं. सर म्हणाले होते, पोरगा आळशी आहे, गणितात कच्चा, आईला उलट बोलतो. पण मोटर दुरुस्तीत हात फार चांगला आहे आणि जनावरावर कधी हात उचलत नाही. पाहुण्यांनी चहा घेतला, पोहे घेतले आणि ते गेले. पुन्हा आले नाहीत.

सरपंच दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन होता, आणि ग्रामसभा.

इतकी गर्दी मी त्या गावात ग्रामसभेला कधी पाहिली नव्हती. बायाही आल्या होत्या. सर गावचे रहिवासी म्हणून पुढच्या रांगेत, दोन खुर्च्या जोडून आडवे. सरपंच उभे राहिले. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते.

"सर," ते म्हणाले, "तुमी वाईट माणूस न्हाई. तुमचं बोलणं बराबर असतं, तेच तर झालंय. आमाला रोज इतकं बराबर झेपत न्हाई. दिवसा शाळेत ठीक हाय, लेकरं शिकतेत. पण संध्याकाळी तुमी घरी जावं." मग ग्रामसेवकाला म्हणाले, "लिही. सर वसमतला राहतेत, रोज वेळेवर येतेत, आणि तसंच राहावं अशी गावाची हात जोडून विनंती हाय."

सगळे हात वर गेले. मावशींचे तर दोन्ही.

जानेवारीत सरांनी मागितलेलं वाक्य शब्दन् शब्द त्यांना मिळालं होतं. सर खुर्च्यांवरून उठले आणि म्हणाले, "आजपासून लिहा. कालपर्यंत मी इथं राहत होतो."

ग्रामसेवकानं खाडाखोड केली. सभा उठायच्या बेतात होती. मी उभी राहिले, आणि मला आठवतं की पहिलं वाक्य फार हळू निघालं, म्हणून दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

"माझंही नाव त्यात घाला."

"मॅडम, तुमचा तर झालेला हाय," ग्रामसेवक म्हणाला. "राहता म्हणून. जानेवारीतच."

"तो खोटा आहे. मी वसमतला राहते."

हेडसर माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. खोटी सही कबूल केल्यावर बदलीचं पत्र कसं येतं ते मला माहीत होतं. दीड महिन्यानं ते आलंही. पण त्या क्षणी सगळी सभा माझ्याकडं न बघता सरांकडं बघत होती, आता हे काय म्हणतात म्हणून. मीही बघत होते. मला वाटलं ते काहीतरी मोठं बोलतील.

सरांनी ग्रामसेवकाच्या वहीत डोकावून पाहिलं.

"'वेळेवर येतात' खोडा," ते म्हणाले. "या बारा मिनिटं उशिरा येतात. बसनं."

ग्रामसेवकानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं खोडलं, बारा मिनिटं लिहिलं, आणि वही माझ्याकडं सरकवली. मी सही केली.